सामील होणे आणि हिशेब मागणे

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा उन्हाळ्यात पायी ओलांडता येते. तथापि १९४८ पर्यंत हे ओलांडणे दोन राज्यांमधले ओलांडणे होते. अलीकडचा तीर निजामाचा, पलीकडचा वऱ्हाडाचा. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. मालाची गाडी नदीपार न्यावयाची तर करोडगिरीच्या नाक्यावर थांबणे आले, दाखला आला, जकात आली. हिंगोली आणि कळमनुरीच्या शेतकऱ्याची सोयरीक वाशीम-पुसदकडे, त्याची भाषा तीच, देवही तेच. पण त्याच्या कापसाला मात्र परदेशी मालाची वागणूक मिळे. सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० च्या दशकात ही जकात व हे नाणे दोन्ही इतिहासजमा झाले. आज त्या नाक्यांच्या जागा दाखवू शकणारी माणसेही विरळा.

हे स्मरण होण्याचे कारण दूरचे आहे. नेमकी याच्या उलट घटना १ जानेवारी २०२१ रोजी इंग्लंडच्या डोव्हर बंदरात घडली. जेथून माल विनाअडथळा युरोपात जात होता, तेथे त्याला पुन्हा जकातीचे कागद लागू लागले. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनच्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, ४८.१ टक्क्यांनी राहण्याचा दिला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. या घटनेच्या आर्थिक परिणामांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिली ती तेथील सामान्य माणसांची, निवृत्त शिक्षकांची, विद्यार्थ्यांची चळवळ, जी या कौलानंतर रस्त्यावर उतरली.

तिचे रूप अगदी साधे होते. शनिवारच्या बाजाराच्या दिवशी गावाच्या मुख्य रस्त्यावर एक घडीचे मेज मांडावयाचे, त्यावर बारा ताऱ्यांचा निळा ध्वज अंथरावयाचा, पत्रके ठेवावयाची आणि शेजारी एक फलक उभा करावयाचा. फलकावर प्रश्न छापलेले असत: बाहेर पडल्याने रोजगार वाढेल की घटेल, सरकारी आरोग्यसेवेचे काय होईल. येणाऱ्याजाणाऱ्याने आपल्या मताच्या रकान्यात एक रंगीत टिकली चिकटवावी, अशी अपेक्षा असे. टिकली चिकटवताना माणूस थांबतो आणि थांबला की बोलतो, हे त्यातले मर्म. युरोपियन मूव्हमेंट या जुन्या संस्थेच्या शाखांनी आणि ऑक्सफर्ड, बाथ यांसारख्या शहरांतील स्थानिक गटांनी अशी मेजे वर्षानुवर्षे मांडली. स्टीव्ह ब्रे नावाचा गृहस्थ सप्टेंबर २०१७ पासून पार्लमेंटच्या बाहेर दिवसचे दिवस उभा राहून घोषणा देत राहिला. ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९ मध्ये लंडनमध्ये लाखोंचे मोर्चे निघाले, आणि माघारीची सूचना मागे घ्या अशी मागणी करणाऱ्या अर्जावर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या. बाहेर पडल्यानंतरही, २०२२ मध्ये, पुन्हा सामील व्हा अशी मागणी घेऊन लंडनमध्ये मोर्चा निघाला.

इतके सारे झाले, पण ते कौल लागल्यानंतर झाले. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले, १९७५ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत युरोपबद्दल चौकात बोलणे हे बहुतांशी युरोपच्या टीकाकारांचेच काम होऊन बसले. युरोपचे समर्थक मंत्रालयांत, विद्यापीठांत आणि व्यापारी कचेऱ्यांत होते. तेथे त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु तो चौकापर्यंत आलाच नाही, आणि आला तेव्हा आकड्यांच्या पोशाखात आला. बाहेर पडल्यास दर कुटुंबाला वर्षाकाठी ४,३०० पौंडांचा फटका बसेल, असे ब्रिटिश अर्थखात्याने एप्रिल २०१६ मध्ये जाहीर केले. विरोधकांनी एका लाल बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंड हा आकडा रंगवला. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा निधी वजा न करता काढलेला तो आकडा दिशाभूल करणारा होता. पण तो लोकांच्या ध्यानात राहिला. हिशेब चुकीचा असला तरी तो कोणीतरी मांडत आहे, ही गोष्टच पुष्कळांना नवी होती.

याचा सर्वांत बोलका पुरावा वेल्समधील ब्लायनाउ ग्वेंट या जुन्या कोळसा-पोलाद पट्ट्यात मिळतो. खाणी व कारखाने बंद पडल्यावर या भागात युरोपच्या निधीतून रस्ते झाले, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. तेथे ६२ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. दीर्घकाळ युरोपीय निधी घेणाऱ्या कॉर्नवॉलनेही तोच कौल दिला. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहिले तर हे कृतघ्नपणाचे वाटेल. वस्तुतः ते तसे नाही. रस्त्याच्या कडेला युरोपचा ध्वज असलेली पाटी होती, पण रस्ता झाला तरी गावात रोजगार का आला नाही, हे विचारावयाचे कोणाला, ते त्या पाटीवर लिहिलेले नव्हते. युरोपवर प्रेम करणाऱ्यांनी तो प्रश्न विचारला नाही. मग तो त्यांच्या विरोधकांनी विचारला आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकले.

आता पुन्हा पैनगंगेच्या अलीकडे यावे. येथेही सामील होण्याचा प्रचार सामान्य माणसांनीच केला, आणि तो अशा राज्यात केला जेथे मेज मांडून पत्रके वाटणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच, १९३८ मध्ये, बंदी आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले. जून १९४७ मध्ये निजामाने आपण कोणत्याच राज्यात सामील होणार नाही असे जाहीर केले, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस 'हिंदी संघराज्यात सामील व्हा' अशा मागणीचा दिवस म्हणून पाळण्यात आला. सभा, फेऱ्या, तिरंगा लावणे, वकिलांनी कोर्ट सोडणे, विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेज सोडणे, शिंदीची झाडे तोडणे हे त्या लढ्याचे मार्ग होते. सीमेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी छावण्या पडल्या आणि करोडगिरीचे नाके हे लढ्याचे एक लक्ष्य झाले. हे नाके म्हणजे दोन तीरांमधल्या परकेपणाची रोजची खूण होती. संघराज्य म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगण्यास नाक्याइतका सोपा दाखला दुसरा नव्हता.

या प्रचारात शिक्षकांचा वाटा मोठा होता. स्वामीजी स्वतः हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांतून शिकवीत होते. गोविंदभाई श्रॉफ औरंगाबादला शिक्षक होते. ब्रिटनमधील मेजांमागे उभे असलेले निवृत्त मास्तर आणि हे मास्तर यांची जात एकच म्हणावी लागेल. भेद काळाचा होता. एकांनी निर्णयापूर्वी दहा वर्षे बोलावयास सुरुवात केली, दुसऱ्यांनी निर्णयानंतर. परिस्थितीतही अंतर होते, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये मतपेटी होती. मराठवाड्यात ती नव्हती, रझाकारांची दहशत होती, आणि शेवट लष्करी कारवाईने झाला. त्या कारवाईनंतर मराठवाड्याच्या काही भागांत मुस्लिम समाजावर जे अत्याचार झाले, त्यांची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केलेली आहे. विलीनीकरणाचा इतिहास सांगताना हे पान सहसा उलटले जाते, ते उलटले जाऊ नये.

खरा फरक मात्र सामील झाल्यानंतरच्या काळात दिसतो. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला विकासनिधी व नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. आपण कोणतीही अट न घालता आलो, असे मराठवाड्यात अभिमानाने सांगितले जाते. पण अभिमानाने पाटाला पाणी येत नाही. १९७४ मध्ये नोकऱ्या, सिंचन आणि रुंदमापी रेल्वे या प्रश्नांवर विद्यार्थी रस्त्यावर आले. तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ज्या राज्यात जाण्यासाठी आधीच्या पिढीने शाळा सोडल्या होत्या, त्याच राज्याच्या पोलिसांची ती गोळी होती.

अशा घटनेनंतर 'आम्हाला वेगळे करा' ही मागणी फोफावणे स्वाभाविक होते. ती अधूनमधून झाली, पण तिने मूळ धरले नाही. विकासाच्या आंदोलनाचे नेतृत्व ज्यांनी केले त्यांत गोविंदभाई श्रॉफ अग्रभागी होते. हैदराबाद भारतात आले पाहिजे म्हणून लढलेले आणि मराठवाडा महाराष्ट्रात आला पाहिजे म्हणणारे तेच हे गोविंदभाई. मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून त्यांनी वर्षानुवर्षे आकडे मागितले. त्यांना कोणी फुटीर म्हणू शकत नव्हते, आणि म्हणूनच त्यांनी मागितलेला हिशेब टाळणे मुंबईला अवघड जात होते. राज्य सरकारने १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला व त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी रुपयांचा दाखवला. समितीच्या पद्धतीवर वाद झाले, आजही होतात. तथापि 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्याच्या जागी एक रक्कम आली, आणि रकमेवर भांडता येते. १९५६ पासून घटनेच्या ३७१ (२) या कलमात पडून असलेली वैधानिक विकास मंडळांची तरतूद १९९४ मध्ये अखेर अमलात आली, यामागे हीच चिकाटी होती.

ब्रिटनमध्ये गोविंदभाईंसारखी माणसे नव्हती असे नाही. ती युरोपच्या बाजूच्या गोटात हिशेब मागावयास उभी राहिली नाहीत. तेथे टीका म्हणजे विरोध आणि समर्थन म्हणजे स्तुती अशी वाटणी पडली. आजही पुन्हा सामील व्हा म्हणणाऱ्यांच्या मेजावरील फलक पाहिला तर त्यावरचे प्रश्न बाहेर पडल्याने काय गेले याचे असतात. ते रास्त आहेत. पण मासेमारीच्या वाटपात किनाऱ्यावरच्या लहान बोटवाल्याला काय मिळाले, मोकळ्या ये-जा धोरणाने कमी वेतनाच्या कामगाराचे काय झाले, ब्लायनाउ ग्वेंटमध्ये निधी येऊन कारखाना का आला नाही, हे रकाने त्या फलकावर सहसा आढळत नाहीत. त्या रकान्यांत टिकली चिकटवावयास जो मतदार थांबला असता, तोच २०१६ मध्ये हातातून निसटला होता.

आपल्याकडे तरी ही सवय टिकली आहे काय? १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पैनगंगेवर ईसापूरला धरण उभे आहे, आणि त्याचे पाणी हिंगोली, नांदेड व यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांना जाते. दोन तीरांवर दोन राज्ये असती तर अशा एका धरणासाठी लवाद बसवावा लागला असता. धरणाच्या तालुक्याला किती आणि खालच्या तालुक्यांना किती, यावर कालवा सल्लागार समितीत भांडण होते, ते होऊ द्यावे. चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात जिल्ह्याजिल्ह्यांत ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन होते, आणि त्या दिवशी पाण्याचा किंवा नोकऱ्यांचा आकडा उच्चारणे हा अनेकांना सोहळ्याचा बेरंग वाटतो. मंडळांच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे ३७१ (२) कलम सांगते. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या वर्षी मे महिन्यात टाळेबंदी चालू होती, शाळा-कचेऱ्या बंद होत्या, आणि मराठवाड्याच्या कोणत्याही चौकात त्यासाठी मेज मांडले गेले नाही.