कुलूप राहिले, किल्ली हरवली

आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील कित्येक मराठी घरांत मोडी कागदांचे रुमाल आजही माळ्यावर आढळतात. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारे डोळे मात्र उरले नाहीत. संगणकाच्या युगात हीच आपत्ती पाव शतकातच ओढवते, याचा अनुभव आम्हांस नुकताच आला.

आमच्या मराठी वाचनालयातील ग्रंथांची व देणगीदारांची सूची एका निवृत्त लेखनिक काकांनी १९९८ साली संगणकावर उतरविली होती. मूळ नोंदवह्या पुढे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरली ती संगणकातील एकच फाईल. गेल्या वर्षी नवा संगणक आला आणि ती फाईल जुन्या आवृत्तीतील असल्याने उघडता येत नाही, असे उत्तर मिळाले. जुन्या संगणकावर नेली, तर दुसरा नकार: आपणांस अधिकार नाही! कुलूप घालणारे काका तर आता हयात नाहीत.

चौकशीअंती उलगडा झाला, तो वाचकांच्या उपयोगी पडावा. फाईल मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ९७ या आवृत्तीतील होती. ॲक्सेस २०१३ व त्यापुढील आवृत्त्या ९७ ची फाईल उघडीत नाहीत. त्यासाठी २००३, २००७ वा २०१० यांपैकी एखादी आवृत्ती मध्यस्थ म्हणून लागते. कुलपाची रचनाही दुहेरी असे. मुख्य फाईलीत माहिती आणि कोणास कोणता अधिकार याची नोंद. वापरणाऱ्यांची नावे व परवलीचे शब्द मात्र ‘एमडीडब्ल्यू’ या निराळ्या फाईलीत. २००७ साली ‘एसीसीडीबी’ हे नवे स्वरूप आले, त्यात ही व्यवस्था ठेवलेली नाही. आम्ही मुख्य फाईल जिवापाड जपली आणि तिची जोडीदारीण निरुपयोगी समजून केव्हाच पुसून टाकली. दोष सर्वस्वी आमचा.

अखेर काकूंकडे गेलो. “गुरुजी, ह्यांच्या डायऱ्या मी रद्दीत घातल्या नाहीत,” असे म्हणत त्यांनी ट्रंक उघडली. एका डायरीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरांत तीन ओळी होत्या: नाव, संस्था आणि गटाचा ओळखक्रमांक. एवढ्यावर हरवलेली फाईल पुन्हा निर्माण करता येते. अट अशी की रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरेदेखील मुळाबरहुकूम उतरली पाहिजेत. परवलीचा शब्द लागलाच नाही, कारण तो हरवलेल्या फाईलीबरोबरच नाहीसा झाला होता.

प्रथम मूळ फाईलीची प्रत काढून ठेवली. मग २००३ च्या आवृत्तीत नवी जोडफाईल लावताच कुलूप निघाले. फाईलीचे रूपांतर करून सर्व तक्ते नव्या स्वरूपात आणले. तरीही पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडीच दिसे! त्या काळचे पुष्कळ मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवीत. जुना टंक मिळवून मजकूर वाचला व युनिकोडमध्ये उतरविला, तेव्हा कोठे सूची हाती आली.

देणगीदारांच्या पहिल्याच पानावर काकूंच्या सासऱ्यांचे नाव होते. त्या पानाची छापील प्रत त्यांना नेऊन दिली, तेव्हा चष्मा पुसून त्या बराच वेळ ते पान पाहत राहिल्या.

ज्या संस्थांच्या वा घरांच्या नोंदी अशा फाईलींत असतील, त्यांनी नवा संगणक आणण्यापूर्वी जुन्यावर त्या उघडून पाहाव्यात, कुलूप काढलेली एक प्रत नव्या स्वरूपात करावी आणि एक छापून ठेवावी. किल्लीची माहिती कागदावर लिहून दोन विश्वासू माणसांच्या स्वाधीन करावी. कुलूप परक्यांसाठी घालावयाचे असते. आपल्याच नातवंडांना बाहेर ठेवण्यासाठी नव्हे.