चकती लांब नको, सारखी उडवा

अमेरिकेतल्या ट्रॅप नेमबाजीत ‘क्ले टार्गेट’ नावाची चकती ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगाने, जमिनीशी साधारण 18 अंशांचा कोन करून यंत्रातून सुटते. शाळेत शिकलेलं सूत्र लावून आणि हवा नाहीच असं धरून हिशेब केला, तर ती जेमतेम 21 मीटरवर पडायला हवी. सर्वांत फायद्याचा 45 अंशांचा कोन घेतला तरी 36 मीटरच्या पुढे जायला नको. प्रत्यक्षात मात्र ती 45 मीटरच्या आसपास जाऊन पडते, आणि तिथल्या स्पर्धांचा नियमही तेवढ्याच अंतराची अपेक्षा ठेवतो. फेकलेल्या वस्तूला हवा एरवी अडवते. इथे तीच हवा पल्ला दुपटीहून वाढवते.

याचं कारण चकतीच्या आकारात आहे. ऑलिंपिकच्या नियमांनुसार तिचा व्यास 110 मिलिमीटर, उंची सुमारे 25 मिलिमीटर आणि वजन 105 ग्रॅमच्या आसपास असतं. वरून घुमटाकार आणि खालून पोकळ असलेली ही चकती पुढची कड किंचित वर ठेवून जाते, तेव्हा हवा खाली ढकलली जाते आणि चकती वर उचलली जाते. म्हणजे ती एक छोटा, गोल पंखच असते. फक्त हा पंख स्वतःहून स्थिर राहत नाही. उचलणारं बल चकतीच्या मध्यावर न लागता थोडं पुढे लागतं, त्यामुळे पुढची कड आणखी वर जाऊन चकती उलटायला बघते. तिला सावरते ती गिरकी. वेगाने फिरणारी वस्तू आपल्या अक्षाची दिशा सहज सोडत नाही, म्हणून उलटण्याऐवजी चकती फार तर हळूहळू एका बाजूला कलते. फ्रिस्बीही याच तत्त्वावर उडते.

म्हणूनच चकती उडवणाऱ्या यंत्राला एका झटक्यात दोन कामं करावी लागतात: वेग द्यायचा आणि गिरकी द्यायची. हाताने चालवायचा थ्रोअर विकत घेणारे बहुतेक जण पहिल्याच कामाची चौकशी करतात, ‘किती लांब फेकतो?’ खरी परीक्षा दुसऱ्या कामात असते.

या चकतीचा जन्मही उड्डाणाच्या अडचणीतूनच झाला. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पेटीतून जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधीच अमेरिकेत काचेचे गोळे उडवायची पद्धत आली होती, आणि ते फेकणाऱ्या सुधारित यंत्राचं पेटंट नामांकित नेमबाज अ‍ॅडम बोगार्डस यांनी 1877 मध्ये घेतलं. पण गोळा पक्ष्यासारखा तरंगत जात नाही, दगडासारखा वर जाऊन खाली येतो. शिवाय शेतभर काचा पसरतात. 1880 मध्ये ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातले जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीची चकती आणली. पाण्यावर टप्पे घेत जाणारे शिंपले पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. चकती छान उडाली, पण माती भाजून इतकी टणक झालेली असे की छर्रे लागूनही ती अनेकदा फुटत नसे. पुढे मातीच्या जागी डांबरासारखं पिच आणि चुनखडीची भुकटी यांचं मिश्रण आलं. आजची ‘मातीची’ चकती बहुधा त्याचीच असते.

हे मिश्रण मोठं चमत्कारिक आहे. यंत्राच्या झटक्यात ते टिकलं पाहिजे आणि मोजके छर्रे लागताच त्याच्या ठिकऱ्या उडाल्या पाहिजेत. पिच हा खरं तर अतिशय घट्ट द्रव आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 मध्ये थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात पिच भरून एक प्रयोग मांडला, आणि 2014 पर्यंत त्यातून नऊच थेंब गळले. सावकाश दाब दिला तर पिच वाहतं, फटका मारला तर काचेसारखं फुटतं. चकत्या वापरणाऱ्याने यातून एक धडा घ्यायचा: उन्हात तापलेल्या गाडीत खोकं ठेवलं, तर चकत्या वाकतात आणि मऊ पडतात. कडाक्याच्या थंडीत उलट होतं, त्या यंत्राच्या दांड्यावरच फुटतात. आपलं यंत्र चकत्या तोडतं अशी तक्रार करण्याआधी खोकं कुठे ठेवलं होतं ते आठवावं.

आता यंत्राकडे वळू. सर्वांत साधा थ्रोअर म्हणजे टोकाला चकती धरणारी पकड असलेला प्लास्टिकचा वाकडा दांडा. तो हातात धरून चकती भिरकवायची. विज्ञान सोपं आहे: खांदा त्याच गतीने फिरला तरी टोक खांद्यापासून जितकं लांब, तितका त्याचा वेग जास्त. चकती पकडीच्या कडेवरून घरंगळत सुटते आणि त्यातच तिला गिरकी मिळते. किंमत अगदी कमी, बिघडण्यासारखं काही नाही, आणि हवी ती दिशा देता येते. पण दोन चकत्या कधी सारख्या जात नाहीत, फेकायला दुसरा माणूस लागतो, आणि पन्नासेक चकत्या फेकल्यावर त्याचा खांदा बोलू लागतो. दोघं मित्र वर्षातून दोन-चारदा मोकळ्या रानात जाणार असतील, तर याहून जास्त खर्च करायचं कारण नाही.

पुढची पायरी म्हणजे जमिनीवर बसवायचं स्प्रिंगचं यंत्र. चकती लांब दांड्यावर ठेवतात, स्प्रिंग सुटली की दांडा फिरतो आणि चकती त्याच्या कडेच्या पट्टीवरून घरंगळत बाहेर पडते. पट्टीवर रबर असतं ते चकती घसरू नये म्हणून. घसरली की वेग मिळतो, पण गिरकी कमी पडते आणि चकती हेलकावे खात जाते. म्हणून यंत्र निवडताना ही पट्टी नीट बसवलेली आहे का आणि झिजल्यावर बदलता येते का, ते आधी पाहावं. हेलकावणारी चकती दिसली की बहुतेक जण स्प्रिंग आणखी ताणतात. आधी पट्टी पुसून पाहावी.

दुसरी गोष्ट पायाची. दांडा एका बाजूला झेपावतो तेव्हा उरलेलं यंत्र विरुद्ध बाजूला फिरायला बघतं, हा न्यूटनचा तिसरा नियम. हलकं यंत्र नुसतं गवतावर ठेवलं, तर दर फेकीला थोडं सरकतं आणि दिशा बदलते. जमिनीत खुंट्या ठोकायची सोय, जाड फळीवर बोल्टने बसवायची भोकं, किंवा गाडीच्या मागच्या हुकला लावायचा जोड, यांपैकी काही तरी हवंच. कोन आणि स्प्रिंगचा ताण बदलता येणंही महत्त्वाचं. समोरून वारा असेल तर चकती वर उचलली जाते, पाठीमागून असेल तर लवकर खाली येते. तेव्हा कोन थोडा बदलला की काम भागतं.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी: चकती ठेवताना स्प्रिंग कोणत्या अवस्थेत असते? सुटणाऱ्या चकतीत सुमारे 19 जूल ऊर्जा असते, म्हणजे एक किलोचं वजन जवळजवळ दोन मीटरवरून पडावं इतकी. धातूचा दांडाही त्याच वेगाने फिरवायचा असल्याने स्प्रिंगमध्ये याहून बरीच अधिक साठवावी लागते. काही यंत्रांत आधी दांडा मागे ओढून खिट्टीत अडकवतात, मग चकती ठेवतात आणि दोरी ओढून सोडतात. इथे ताणलेल्या दांड्याजवळ बोटं जातात, आणि खिट्टी निसटली तर मनगट मोडू शकतं. दुसऱ्या प्रकारात दांडा सैल असतानाच चकती ठेवतात, आणि पायाने पेडल दाबलं की ताणणं आणि सोडणं एकाच हालचालीत होतं. लिगोव्स्कींच्या सिनसिनाटीजवळच क्लीव्ह्ज इथे असलेल्या ट्रायस कंपनीची ‘वन स्टेप’ यंत्रं याच प्रकारची. कुटुंबाबरोबर जाणाऱ्यांनी दुसरा विचार न करता हाच प्रकार घ्यावा. यंत्र कोणतंही असो, दांड्याच्या फिरण्याच्या वर्तुळात कोणी उभं राहू नये, ताणलेलं यंत्र हलवू नये, आणि चकत्या भरणारा बंदुकीच्या पुढे कधीही नसावा.

लांब पल्ल्याचा हव्यास नेमबाजीच्या दृष्टीनेही फोल आहे. तीस मीटरवर पोहोचायला छर्ऱ्यांना सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. तेवढ्यात सेकंदाला 15 मीटर वेगाने आडवी जाणारी चकती दीड मीटर पुढे सरकलेली असते. हे पुढचं अंतर ओळखायला शिकणं हाच या खेळाचा गाभा आहे, आणि दर वेळी वेगळी जाणारी चकती नवशिक्याला ते शिकू देत नाही. आधी सारखेपणा हवा, वैविध्य नंतर.

जागेचा हिशेब यंत्राआधी करावा. बारीक छर्रेही दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडू शकतात, म्हणून समोर सुमारे 275 मीटर मोकळी जागा धरायची पद्धत आहे. त्याशिवाय मागे उरतं ते शिसं आणि फुटलेलं पिच. कोळशाच्या डांबरातलं पिच विषारी असतं, आणि अशा ठिकऱ्या खाऊन डुकरं मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. जिथे जनावरं चरतात, तिथे ठिकऱ्या गोळा कराव्यात किंवा ती जागाच सोडावी.

भारतात शॉटगनला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे शेतात सहज जाऊन चकत्या फोडणं इथे नाही. आपल्याकडे हा खेळ रेंजवरचा, विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा. बिकानेरचे डॉ. कर्णी सिंह यांनी 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य जिंकलं, आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं. हाताच्या यंत्राचा प्रश्न येतो तो टेक्सासमध्ये किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना. तिथेही स्थानिक कायदा आणि जागामालकाची परवानगी आधी, डोळ्यांवर चष्मा आणि कानांना संरक्षण त्यानंतर, आणि यंत्र शेवटी.

क्वचित जाणाऱ्यांनी प्लास्टिकचा हातथ्रोअर घ्यावा आणि नेहमी जाणाऱ्यांनी पायाच्या पेडलचं, जमिनीत घट्ट बसणारं यंत्र. खोक्यावर छापलेला पल्ला वाचू नये. दुकानदाराला पट्टी बदलता येते का आणि चकती ठेवताना स्प्रिंग सैल असते का, एवढंच विचारावं. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, तर यंत्र घ्यायला हरकत नाही.