कॉफी न घेणारा सर्जन आणि नाशिकचे पाय

बाल्टिमोरचे मेंदूचे सर्जन डॉ. थॉमस डकर शस्त्रक्रियेच्या सकाळी नाश्ता करतात, पण कॉफी घेत नाहीत, कारण कॉफीने हात थरथरतात. ‘इव्हिनिंग सन’मध्ये डिसेंबर १९७८ला आलेला जॉन फ्रँकलिन यांचा लेख या एवढ्याशा गोष्टीपासून सुरू होतो. पुढे शस्त्रक्रिया फसते, रुग्ण दगावतो. पुलित्झरने १९७९मध्ये फीचर लेखनासाठी पहिल्यांदाच पारितोषिक ठेवलं, ते या लेखाला मिळालं. अपयशाची हकिगत, आणि पहिलाच मान तिचा!

मग असा पुरस्कार नेमका कशाला मिळतो? माझ्या मते, तिथे हजर राहिलेल्या डोळ्यांना.

आपल्या नाशिकचंच पाहा. ६ मार्च २०१८ला सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईला निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. वनजमिनीचे हक्क ही मुख्य मागणी. किती हजार माणसं, सुमारे १८० किलोमीटर, कसारा घाट, वाहतुकीचे बदल: हे सगळं बातमीत आलं. पण पायांना आलेले फोड पाहायला सोबत चालावं लागतं. ग्रामीण भारतावर लिहिणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळासाठी पार्थ एम. एन. यांनी या मोर्चाचे वृत्तांत लिहिले. शेवटच्या टप्प्यात दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून दिवसभर चालून आलेले लोक सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. मागण्यांच्या यादीतून ही माणसं इतकी कळली नसती.

अर्थात तपशील खरा हवा. १९८१मध्ये जॅनेट कुक यांनी आठ वर्षांच्या व्यसनी मुलावरच्या लेखाला पुलित्झर मिळवलं. तो मुलगाच काल्पनिक निघाला आणि पारितोषिक परत करावं लागलं.

‘पारी’ सुरू करणारे पी. साईनाथ यांनी नव्वदच्या दशकात पाच राज्यांतले दहा सर्वांत गरीब जिल्हे पालथे घातले, त्यातले हजारो किलोमीटर पायी. त्या लेखांचं पुस्तक झालं, ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने ते मराठीतही आलं. २००७मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: पुस्तकाच्या मानधनातून त्यांनी ग्रामीण पत्रकारांसाठी पुरस्कार सुरू केला.