रंग नको, खांदा बघा

पनवेल-रोहा मार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मधोमध जिते हे छोटं स्टेशन. पहिला पाऊस पडून ऊन आलं की आसपासच्या वयांवर, म्हणजे कुंपणांवर, सरडे चढून बसलेले दिसतात. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण हिणवून म्हणतो. पण विणीच्या दिवसांत नराला कुंपणापलीकडे जायचंच नसतं. ती त्याची चौकी असते.

दुर्बीण घेऊन आलेला निरीक्षक दहा पावलांवरच थांबतो. खांबावरच्या नराचं डोकं लालभडक, गळ्याला बाजूने काळा डाग. दुसरा नर दिसताच हा गळा फुगवतो आणि तालमीतल्या पोरासारखे जोर काढू लागतो. निरीक्षक एक पाऊल पुढे टाकतो. सरडा सर्रकन खांबाआड, आणि पुन्हा डोकं काढतो तेव्हा लाली उतरून तो चक्क मातकट झालेला!

म्हणून वहीत रंगाला शेवटची जागा.

आधी बघायच्या त्या न बदलणाऱ्या खुणा. कानाच्या पडद्याच्या वरच्या बाजूला दोन सुटे काटे आहेत का? आणि मुख्य म्हणजे, खांद्यापुढे कातडीची तिरकी घडी आहे का? घडी असेल तर तो बागेतला सरडा नव्हे, पश्चिम घाटातला रानसरडा. विणीत त्याच्याही नराचं डोकं लालसर होतं, म्हणून नवखा हमखास फसतो. या रानसरड्याला 1837 मध्ये पोलिदोर रू या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाचं नाव मिळालं; रू 1833 मध्ये मुंबईतच वारला होता. 2018 मध्ये या सरड्याची प्रजात बदलून ‘मोनिलेसॉरस’ झाली. लॅटिन ‘मोनिले’ म्हणजे गळ्यातला हार.

खांबावरच्या नराला ही घडी नाही. म्हणजे हा ‘कॅलोटेस व्हर्सिकलर’ गटातला, बागेतला सरडा. 1802 पासूनच्या या एका नावाखाली अनेक जाती दडल्याचं 2021 च्या संशोधनात दिसलं. तेव्हा नोंदीत डोक्याचा, खांद्याचा आणि पूर्ण बाजूचा असे तीन फोटो हवेत, शिवाय गावाचं नाव आणि तारीख.

वही मिटताना पायवाटेच्या कडेला हालचाल दिसते. मादी ओल्या मातीत खड्डा उकरतेय. त्यात दहा-वीस अंडी घालून ती माती ओढून घेईल, वरून चोपून सारखी करील आणि निघून जाईल. निरीक्षक वाट सोडून वळसा घालतो.