मनाची औषधे आणि शरीराची उंची

पोटदुखीवर औषध घेताना कोणी लाजत नाही. मनाच्या आजारावर औषध सुरू झाले, की मात्र घरात शंका निघते : ‘याने मुलाची वाढ तर खुंटणार नाही ना?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर मोजमापाने शोधू.

ही सर्व औषधे एका जातीची नसतात. लक्ष एकाग्र न होणे व अतिचंचलता या विकारावर मेथिलफेनिडेट देतात. त्याने भूक मंदावते. अमेरिकेत 579 मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 3 वर्षांच्या निष्कर्षांत, अशी औषधे नव्याने सुरू करून चालू ठेवणारी मुले ती न घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे 2 सें.मी. कमी वाढली. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीनच्या 19 आठवड्यांच्या एका चाचणीत हा फरक 1.1 सें.मी. होता. याउलट रिस्पेरिडोन व ओलान्झापीन यांनी भूक आणि वजन वाढते. म्हणजे परिणाम होऊ शकतो. पण उंचीवरचा परिणाम सरासरीने थोडाच असतो.

हा एक-दोन सेंटिमीटरांचा फरक ओळखायचा कसा? समजा, तुम्ही फर्दापूरला राहता. सकाळी उंची मोजलीत, मग दिवसभर अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून संध्याकाळी पुन्हा मोजलीत. उंची सुमारे 1 सें.मी. कमी भरेल! पाठीच्या मणक्यांमधील मऊ चकत्या शरीराच्या भाराने दिवसभरात दबतात. रात्री आडवे झाल्यावर त्या पुन्हा फुगतात. तेव्हा एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढणे चूक. मित्राशी तुलनाही फसवी. कारण झपाट्याने वाढण्याचे वय प्रत्येकाचे निराळे असते.

म्हणून औषध सुरू करतानाच उंची व वजन लिहून ठेवा. पुढे दर 3 ते 6 महिन्यांनी, त्याच वेळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून मोजा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली 5 ते 18 वर्षांसाठी वाढीचे तक्ते दिले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. त्या तक्त्यावर आपले बिंदू मांडा. रेषा खाली झुकू लागली, तर डॉक्टर औषधाची मात्रा, वेळ किंवा आहार बदलू शकतात.

भीतीपोटी औषध एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे. आजार उलटू शकतो, आणि नैराश्यही भूक व झोप हिरावते. तेव्हा नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाच्या त्रासाबद्दल कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर ‘टेली-मानस’ची 14416 ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.