पांढरा नाताळ: पंचांगांतला आणि आठवणींतला

डिसेंबर महिना अर्धा उलटला, कीं आपल्याकडेहि दुकानांच्या काचांवर कापसाचे पुंजके चिकटविलेले दिसूं लागतात. मुंबईसारख्या शहरांत, जेथें त्या दिवसांतहि दुपारीं घाम पुसावा लागतो, तेथें हा कापूस कशासाठीं, असें एकाद्या चौकस मुलानें विचारलें तर वडील माणसें सांगतात, "अरे, विलायतेंत नाताळांत बर्फ पडतें ना!" हें उत्तर मीं माझ्या मुलांना दिलें आणि पुढें नातवंडांनाहि दिलें. माझ्या शब्दाला घरांत थोडें अधिक वजन होतें, कारण मी विलायतेंत राहून आलेला माणूस. १९६२ सालचा नाताळ मीं लंडनमध्यें पाहिला, आणि त्या दिवशीं सकाळीं पडदा सारतांच सारा रस्ता शुभ्र झालेला दिसला, ही हकीकत मी गेलीं साठ वर्षें सांगत आलों. आज श्रोत्यांपुढें कबूल करावयाचें तें हें, कीं ती हकीकत खरी नव्हती. बुद्ध्या खोटें सांगितलें असेंहि नाहीं. ही चूक माझी मला कशी कळली, हें शेवटीं सांगेन. पण या बाबतींत साऱ्या इंग्रज राष्ट्राची गत माझ्यासारखीच आहे, म्हणून तिकडून सुरुवात करतों.

लंडन शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकावन्न अंशांवर वसलेलें आहे. नकाशावर त्याच रेषेवरून बोट पश्चिमेकडे नेत अटलांटिक महासागर ओलांडला, तर तें लॅब्रडॉरच्या बाजूस जाऊन टेकतें, आणि तेथें हिवाळ्यांत समुद्राचें पाणीहि गोठतें. लंडनमध्यें मात्र डिसेंबरांत बहुधा पडतो तो पाऊस. तोहि आपल्या मृगासारखा कोसळणारा नव्हे. बारीक, चिवट, दिवसभर कोटाच्या कॉलरींत झिरपत राहणारा. याचें कारण असें, कीं ब्रिटनवर वारे येतात ते मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून, आणि ते ज्या समुद्रावरून येतात त्यांत दक्षिणेकडील उबदार पाण्याचा प्रवाह सारखा वाहत असतो. बर्फ पडावयाचें तर वारा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून, सैबेरियाच्या बाजूनें यावा लागतो. तसा तो आला तरी डिसेंबरांत आणखी एक अडचण असते. आपल्याकडे न्हाणीघरांतला तांब्याचा बंब विस्तव विझल्यावरहि तास दोन तास कोमट राहतो. समुद्राचेंहि तसेंच आहे. उन्हाळ्यांत सांठविलेली ऊब तो सावकाश सोडतो, आणि पुरता थंड होतो तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणून डिसेंबरांतला थंड वाराहि समुद्र ओलांडतां ओलांडतां थोडा निवळतो, आणि जें बर्फ व्हावयाचें त्याचें पाणी होतें. ब्रिटिश हवामानखात्याच्या दीर्घकालीन सरासरीप्रमाणें बर्फ किंवा बर्फमिश्रित पाऊस पडण्याचे दिवस डिसेंबरांत ३.९, जानेवारींत ५.३, फेब्रुवारींत ५.६ आणि मार्चमध्यें ४.२ असतात. म्हणजे पांढऱ्या सणाचा मान वस्तुतः नाताळापेक्षां ईस्टरला मिळावयास हवा होता!

मग हें हिमाच्छादित चित्र आलें कोठून? त्याचा मोठा भाग एका लेखकाच्या बालपणांतून आला, असें अभ्यासक मानतात, आणि मलाहि तें पटतें. चार्ल्स डिकन्सचा जन्म १८१२ च्या फेब्रुवारींतला. त्याच्या बालपणाचें दशक इंग्लंडांत विलक्षण गारठ्याचें गेलें. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकानंतर इतकें थंड दशक आलें नव्हतें. त्यांतच १८१५ च्या एप्रिलांत जावाच्या पूर्वेस सुंबावा बेटावर तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यांतून उडालेल्या गंधकयुक्त धुरक्यानें पृथ्वीवर पोंचणारा सूर्यप्रकाश कमी झाला, आणि १८१६ हें वर्ष युरोपांत उन्हाळ्यावांचूनचें वर्ष म्हणून इतिहासांत राहिलें. डिकन्स नुकताच दोन वर्षांचा होत होता, तेव्हां, १८१४ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं, लंडनमध्यें थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरली. बर्फावर राहुट्या उभारल्या, मांस भाजलें गेलें, मद्य विकलें गेलें, आणि ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ नदीच्या पाठीवरून एक हत्ती चालविला, असें सांगतात. अशा जत्रा पूर्वींहि भरत. १६८३-८४ च्या हिवाळ्यांतील जत्रेंत तर छापखानाच बर्फावर थाटला होता. लोक पैसे देऊन आपलें नांव छापून घेत, आणि राजा दुसरा चार्ल्स यानेंहि सहकुटुंब तेथें नांव छापवून घेतलें. १८१४ ची जत्रा मात्र शेवटची ठरली. जुन्या लंडन पुलाला अरुंद कमानी होत्या आणि त्यांमुळें पाणी तुंबून संथ होई. १८३१ सालीं नवा पूल खुला झाला, जुना पाडला गेला, आणि प्रवाहाला वेग आला. पुढें काठ बांधून काढल्यावर नदीचें पात्रहि आवळलें गेलें.

असें बालपण पाहिलेला हा मुलगा मोठा होऊन नाताळाविषयीं लिहूं लागला, तेव्हां त्याच्या लेखणींतून बर्फ आपोआपच पडलें. 'पिक्विक पेपर्स'मध्यें गोठलेलें तळें आहे, आणि त्यांत पिक्विकसाहेबांची एक डुबकीहि आहे. १८४३ च्या १९ डिसेंबरला 'अ ख्रिसमस कॅरोल' प्रसिद्ध झालें, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती खपल्या. मौज अशी, कीं त्याच वर्षीं हेन्री कोल या गृहस्थानें हॉर्स्ली नांवाच्या चित्रकाराकडून नाताळचें पहिलें शुभेच्छापत्र काढवून छापून घेतलें, आणि त्यांत बर्फाचा कणहि नाहीं. एक कुटुंब जेवणाच्या मेजाभोंवतीं पेले उंचावून बसलें आहे, एवढेंच. बर्फ, तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी, दिव्यांचा उजेड सांडणाऱ्या खिडक्या, हा सारा सरंजाम शुभेच्छापत्रांवर मागाहून आला. त्यांतल्या रॉबिनलाहि कारण आहे: त्या काळचे टपालवाले तांबडे कोट घालीत आणि लोक त्यांना थट्टेनें रॉबिन म्हणत. पत्र आणणारा शिपाईच पत्रावर जाऊन बसला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. १७५२ सालीं इंग्लंडनें आपलें पंचांग सुधारलें. त्या वर्षीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं १४ सप्टेंबर उजाडला; मधले ११ दिवस कागदावरून नाहींसे झाले. त्यामुळें जुन्या पंचांगाचा नाताळ आजच्या ५ जानेवारीला पडला असता. सण अकरा दिवस अलीकडे आला, पण थंडी आपल्या वेळेवरच येत राहिली. आपल्याकडे अधिकमास घालून सणांची व ऋतूंची सांगड राखतात. तशी सोय तेथें नव्हती, आणि सण बर्फाच्या पुढें निघून गेला. आजोबांच्या तोंडून ऐकलेला पांढरा नाताळ नातवाला दिसेना, याचें एक कारण हेंहि असावें.

आतां माझ्या काळाकडे येतों. १९६२ च्या शरदांत मी शिक्षणासाठीं लंडनला गेलों आणि एका विधवा बाईंच्या घरीं वरच्या मजल्यावरची खोली घेऊन राहिलों. खोलींत गॅसची शेगडी होती. भिंतीवरच्या पेटींत शिलिंगचें नाणें टाकलें म्हणजे ती पेटे, आणि नाणें संपलें कीं विझे. बाईंना १९४७ च्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगण्याचा नाद होता. त्या सालच्या नाताळाला खिडकीच्या कठड्यापर्यंत बर्फ होतें, असें त्या शपथेवर सांगत. वस्तुस्थिति अशी, कीं १९४७ चें तें प्रसिद्ध बर्फ सुरू झालें जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे नाताळ होऊन जवळजवळ महिना लोटल्यावर. त्यानंतर मात्र मार्चच्या मध्यापर्यंत असा एक दिवस गेला नाहीं, कीं ज्या दिवशीं ब्रिटनमध्यें कोठें ना कोठें बर्फ पडलें नाहीं. त्या वर्षीं १ जानेवारीला कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. तो कोळसा खाणींच्या तोंडाशींच गोठून पडला, आगगाड्या अडकल्या, वीजघरें उपाशी राहिलीं. कारखाने बंद पडून लक्षावधि कामगार घरीं बसले. घरांतली वीज दिवसांतून कांहीं तास तोडीत. बी. बी. सी. ला आपला तिसरा कार्यक्रम व चित्रवाणी कांहीं काळ बंद ठेवावी लागली. जमिनींत गोठलेलीं कंदमुळें काढण्यास रस्ते फोडण्याचीं यंत्रें वापरलीं, आणि डोंगराळ भागांत मेंढ्या कळपच्या कळप गाडल्या गेल्या.

आपल्या दृष्टीनें त्या हिवाळ्याला एक वेगळें महत्त्व आहे. १९४७ च्या २० फेब्रुवारीला, म्हणजे ऐन त्या गारठ्यांत, पंतप्रधान ॲटली यांनीं पार्लमेंटांत जाहीर केलें, कीं जून १९४८ च्या आंत हिंदुस्थानची सत्ता हिंदी लोकांच्या हातीं सोंपविली जाईल, आणि माउंटबॅटन हे नवे व्हाइसरॉय होतील. त्या निर्णयाचीं कारणें अनेक व मोठीं आहेत. तो बर्फामुळें झाला, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या राजधानींतून तो निघाला, तेथें त्या आठवड्यांत लोक मेणबत्तीच्या उजेडांत काम करीत होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

माझा स्वतःचा हिवाळा १९६२-६३ चा. डिसेंबरच्या आरंभीं लंडनवर दाट, गंधकाच्या वासाचें धुकें चार दिवस बसलें होतें. नाताळ झाला, आणि २६ तारखेस बर्फ आलें. २९ व ३० तारखांना दक्षिणेंत व नैर्ऋत्येंत हिमवादळ झालें आणि वाऱ्यानें ठिकठिकाणीं वीस वीस फुटांचे ढीग रचले. जानेवारीचें सरासरी उष्णमान मध्य इंग्लंडांत शून्याखालीं २.१ अंश होतें. विसाव्या शतकांत तेथें त्याहून थंड महिना झाला नाहीं, आणि १७४० नंतर इतका थंड हिवाळाहि झाला नव्हता. हर्न बे येथें किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला. ऑक्सफर्डला गोठलेल्या थेम्सवरून एकानें मोटार चालविली. फुटबॉलच्या एका स्पर्धेची तिसरी फेरी पुरी होण्यास ६६ दिवस लागले. आमच्या घरांतले नळ बाहेरच्या भिंतीवरून नेलेले, त्यामुळें ते गोठून फुटले, आणि आम्ही बादल्या घेऊन रस्त्यावरच्या पाण्याच्या गाडीपुढें उभे राहूं लागलों; मला त्यांत सांगलीच्या उन्हाळ्याची आठवण होई. दाराशीं ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांतली साय गोठून वर येई आणि डोक्यावर चंदेरी झाकण धरून उभी राही.

सगळ्यांत लक्षांत राहिली ती बर्फाच्या पहिल्या सकाळची शांतता. ताज्या बर्फांत बर्फापेक्षां हवाच अधिक असते. पाकळ्यांच्या फटीफटींत ती कोंडलेली असते, आणि आवाज त्या फटींत शिरून विरतो. मी जागा झालों तो आवाज न आल्यामुळें. खालून बसगाडी जात होती, पण चाकें ऐकूं येत नव्हतीं. पडदा सारला. पुढचें मीं साठ वर्षें जसें सांगितलें तसेंच होतें. चूक फक्त तारखेंत होती.

ब्रिटिश हवामानखात्याची पांढऱ्या नाताळची व्याख्या ऐकाल तर हंसूं येईल. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशांत कोठेंहि हिमाचा एक कण पडतांना दिसला, कीं नाताळ पांढरा झाला. पैज लावणाऱ्यांना असा कांहीं तरी निश्चित नियम लागतो, म्हणून ही सोय. या हिशेबानें पांढरे नाताळ वरचेवर येतात. २०२३ सालींहि आला, पण बर्फ जमिनीवर टिकल्याची नोंद कोणत्याहि केंद्रावर नव्हती. देशाच्या निम्म्या-अर्ध्या भागावर बर्फ पसरलें आहे, असा शुभेच्छापत्रांतला नाताळ १९६० नंतर चारच वेळां आला: १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. शेवटच्या वर्षीं दर शंभरांतल्या ८३ केंद्रांवर जमीन पांढरी होती. पांढऱ्या नाताळचें जें गाणें जगभर ऐकूं येतें, तें अर्व्हिंग बर्लिन यानें रचलें, आणि बिंग क्रॉस्बीनें तें १९४१ च्या नाताळांत अमेरिकेच्या नभोवाणीवर गाइलें. त्याच्या मूळ आरंभीं कॅलिफोर्नियाचें ऊन आहे आणि गाणाराला दूरच्या बर्फाची ओढ लागली आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें, कारण तो भाग बहुधा गाळूनच गातात.

आतां पत्राची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं सांगलीचें जुनें घर आवरतांना माझ्या बहिणीला आईच्या पत्र्याच्या पेटींत माझीं विलायतेहून पाठविलेलीं निळीं हवाई पत्रें सांपडलीं. त्यांतल्या एकावर माझ्याच अक्षरांत २५ डिसेंबर १९६२ अशी तारीख आहे. मजकूर असा: आज सर्व बंद आहे. बसगाड्याहि कमी आहेत. बाई आपल्या मुलीकडे गेल्या आहेत. जातांना त्यांनीं माझ्यासाठीं पुडिंगचा तुकडा झांकून ठेवला आहे. आभाळ राखेसारखें आहे, थंडी फार आहे, बर्फ मात्र नाहीं. शेगडीसाठीं शिलिंगें संपलीं आणि आज दुकानें बंद, म्हणून पांघरुणांत बसून लिहीत आहें. येथें सर्व ठीक आहे, तूं काळजी करूं नकोस.

वयाच्या विसाव्या वर्षीं परक्या शहरांत, रिकाम्या घरांत काढलेला तो दिवस माझ्या आठवणींतून पार गेला होता. त्याच्या जागीं मीं दोन दिवसांनंतरची सकाळ उचलून ठेवली होती.

पत्राच्या कडेला आईनें, तिच्या संवयीप्रमाणें, तें हातीं पडल्याची तारीख पेन्सिलीनें लिहून ठेवली आहे: ४ जानेवारी. तें वाचून तिनें शेजारणीला सांगितलें, कीं त्याच्याकडे अजून बर्फ पडलेलें नाहीं. बहिणीला तें चांगलें आठवतें. त्या दिवशीं लंडनमध्यें मी गुडघाभर बर्फांतून बादली घेऊन पाण्याच्या गाडीकडे जात होतों.