दोन्ही गुडघे एकदम की एकामागून एक?



ऊसनोंदीसाठी आम्ही गुंजवणे खोऱ्यात फिरतो तेव्हा हल्ली लागणीइतकीच गुडघ्यांची विचारपूस होते. भाताच्या खाचरात वाकून आवणी, उसात उकिडवे बसून खुरपणी, डोईवर वाढ्यांचा भारा. साठी येईतो सांध्यातील कूर्चा झिजते व हाडावर हाड घासू लागते. मागे गट ऑफिसात एका सभासदांनी विचारले, "साहेब, आमच्या मंडळींचे दोन्ही गुडघे गेले. यंदाच्या उसाच्या बिलात दोन्ही एकदम उरकू का?" आम्ही शेतकी खात्याचे, डॉक्टर नव्हे, तरी जाणकारांकडून समजले ते मांडतो.

एकदम केल्यास भूल एकदा, दवाखान्याचा मुक्काम एकदा, खर्चही दोनदा करण्यापेक्षा कमी. दोन्ही पाय वाकडे होऊन आखडले असतील, तर एकच सरळ करून भागत नाही. दुसरा पाय चालू देत नाही. पण एकदम करताना रक्त जास्त जाते, हृदय व फुप्फुसांवर ताण पडतो, रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. शिवाय सुरुवातीला टेकायला एकही धड पाय नसतो. घरात हाताशी दोन माणसे हवीत.

म्हणून हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा वय फार झालेले असल्यास डॉक्टर बहुधा दोनदा करावयास सांगतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये बदलला. मध्ये आठ महिने गेले. तेव्हा दोनदा करण्यात कमीपणा नाही.

दोनदा करताना मध्ये साधारण तीन महिने तरी जाऊ देतात. धोका एकच: पहिला पाय बरा झाला की दुसऱ्याची चालढकल होते, आणि सारा भार नव्या गुडघ्यावर येतो.

आधी ही कामे करावीत :

१) रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात आणावा. दात, त्वचा, लघवी यांत कुठे जंतुसंसर्ग असल्यास तो आधी बरा करावा.

२) घरी कमोडची सोय करावी. नंतर उकिडवे बसणे व जड ओझे बंद.

३) ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. बिलात त्याची किंमत वेगळी मागावी. सरकारी आरोग्य योजनेत बसते का, तेही दवाखान्यात विचारावे.

४) व्यायाम चुकवू नये. लागण करून पाणीच दिले नाही तर फड कसा यायचा?

त्या सभासदांच्या मंडळींना हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी दोनदा सांगितले व त्यांनी मानले. एक गुडघा ऊस तुटून गेल्यावर, दुसरा भात काढल्यावर, असे ठरले. बिल पुन्हा येते, खोडवाही पुन्हा फुटतो. घरचे माणूस मात्र एकच असते. तेव्हा निर्णय हंगाम पाहून नव्हे, प्रकृती पाहून घ्यावा, ही विनंती.